नरहरीबुवांनी पाडलेली सायकल

एकदा एका शिष्याचा दम ऐन आख्यानात संपला.

ज्यांनी कीर्तन फक्त सतरंजीवर बसून ऐकले आहे, त्यांना या वाक्यातले संकट चटकन कळायचे नाही. नारदीय कीर्तन उभ्याने करायचे असते. दोन-अडीच तास बोलायचे, गायचे, मधूनच दोन पावले नाचायचे, आणि हे सारे करताना श्रोत्याला वाटले पाहिजे की बुवा आपल्याच ओसरीवर येऊन गप्पा मारत आहेत. धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून देवाचा जन्म ऐकण्यात कोणाला गोडी वाटेल? उलट बुवांना पाणी द्या रे, असेच कोणीतरी म्हणायचे.

या शिष्याचे नाव मिलिंद गुरव. वय चव्वेचाळीस, तहसील कचेरीत अव्वल कारकून, आणि पोटाचा घेर कचेरीच्या खुर्चीने घडवलेला. गेली सहा वर्षे तो नरहरीबुवांकडे कीर्तन शिकत होता. बुवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गावाबाहेरच्या टेकडीवर दत्ताचे देऊळ आहे, त्याला लागून असलेल्या खोलीत ते एकटेच राहत. त्या देवळातले दत्तजयंतीचे कीर्तन चाळीस वर्षे बुवांनीच केले होते. त्या वर्षी मात्र त्यांच्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. तेव्हा त्यांनी देवळाच्या पंचांना निरोप धाडला की यंदा मिलिंद उभा राहील. पंचांनी एकमेकांकडे पाहिले आणि आधी एकदा तालीम ऐकू म्हणाले.

तालीम झाली. पूर्वरंग छान रंगला. पण उत्तररंगात, जिथे सूर्य मावळता मावळता दत्ताचा जन्म होतो आणि कीर्तनकाराने एक लांब ओळ चढ्या सुरात एका श्वासात म्हणायची असते, तिथे मिलिंदचा श्वास अर्ध्यावर तुटला. तो खांबाला धरून उभा राहिला. पेटीवाल्याने सूर धरून ठेवला, आणखी धरून ठेवला, आणि शेवटी सोडून दिला. पंच उठले. चपला घालता घालता त्यांतले एक म्हणाले, "बुवा, दत्तजयंतीच्या आठ दिवस आधी परत ऐकू. नाही जमलं तर बाहेरून कोणालातरी बोलवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसे वाटणार नाही? सहा वर्षे या माणसाने रोज संध्याकाळी चिपळ्या हातात घेतल्या होत्या. कचेरीतले लोक त्याला गमतीने बुवा म्हणू लागले होते आणि त्याला ते मनातून आवडत होते. आपल्या गावच्या देवळात, आपल्या गुरूच्या जागी एकदा उभे राहावे, एवढीच त्याची आकांक्षा होती. ती आता त्याच्या छातीत हवा पुरत नाही म्हणून हातची जाणार होती. मिलिंद त्या दिवशी घरी गेला तो जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बुवांनी त्याला बोलावून घेतले.

"तुझ्या गळ्याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "छातीला काम नाही, एवढंच. सायकल घे. गावातून देवळाचा रस्ता साडेचार किलोमीटर आहे. रोज सकाळी सायकलने वर यायचं, आल्या आल्या ती ओळ म्हणायची आणि मग कचेरीला जायचं."

"बुवा, वरचा अर्धा रस्ता नुसता मुरूम आणि दगड आहे."

"म्हणून तर. डोंगरात चालणारी, जाड टायरांची मिळते ना हल्ली? तसली घे. ऐपतीत बसेल अशी घे."

इथपर्यंत सगळे सोपे होते. सायकल घ्यायची आणि पेडल मारायचे, यात शास्त्र ते काय? पण मिलिंद सरकारी नोकरीतला मनुष्य. तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय त्याच्या हातून टाचण्यांची डबीसुद्धा खरेदी होत नसे. त्याने पंधरा हजार रुपये बाजूला काढले आणि कचेरीत उघडतात तशी एक नवी नस्ती, म्हणजे फाइल, उघडली. तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले, 'विषय : सायकल खरेदीबाबत'. आत रकाने आखले. गिअर किती, ब्रेक कसले, पुढे धक्के झेलणारा शॉकअप आहे की नाही, फ्रेम लोखंडी की ॲल्युमिनियमची, वजन किती. रोज रात्री जेवण झाले की तो मोबाइलवर माहिती वाचायचा आणि रकाने भरायचा.

तक्त्याचा एक स्वभाव असतो. तो आपल्याला नेहमी शेजारच्या रकान्यात नेतो. पंधरा हजारांच्या सायकलीत अजून दोन हजार घातले की डिस्क ब्रेक येत होते. डिस्क ब्रेक घ्यायचेच, तर तेलाचे का घेऊ नयेत? तेलाचे ब्रेक घेतले, तर फ्रेम लोखंडी ठेवणे शोभेल का? प्रत्येक पायरी मोठी वाजवी होती. अशा वाजवी पायऱ्या चढत चढत मिलिंद बेचाळीस हजारांवर जाऊन पोहोचला. ऐपत होती तिथेच पायथ्याशी बसून राहिली. तोवर नवरात्र गेले, दसरा गेला, दिवाळी आली. पेडलाचा एक फेराही अजून फिरला नव्हता.

"त्या नस्तीवर बसून जाणार आहात का देवळात?" त्याची बायको रेवती एकदा म्हणाली. मिलिंदने ते ऐकून न ऐकल्यासारखे केले, पण मनाला लागले खरे. अखेर पाडव्याचा मुहूर्त धरून तो रशीदभाई मुल्लांच्या सायकलीच्या दुकानात गेला. त्याच्या विनंतीवरून बुवाही देवळाकडच्या जीपमधून खाली आले.

"या बुवा, बसा," रशीदभाईंनी स्टूल पुढे केले. "पाडव्याला तुमचे पाय लागले दुकानाला, बरं वाटलं. चहा घेणार नव्हं?"

दोन सायकली निवडून ठेवल्या होत्या. पहिली निळी. ॲल्युमिनियमची फ्रेम, तेलाचे डिस्क ब्रेक, पुढे भारीतला शॉकअप, रंग असा की हात लावताना हात धुऊन यावेसे वाटे. किंमत बेचाळीस हजार, बारा हप्त्यांत द्यायची सोय. दुसरी हिरवी. लोखंडी फ्रेम, साधे रबराचे ब्रेक, मागे सात गिअर, पुढे शॉकअप नाही. साडेचौदा हजार. ही हिरवी रशीदभाईंनी नुसती तुलनेला म्हणून काढली होती, असे मिलिंदने मानून घेतले होते.

मिलिंदने नस्तीतली टिपणी वाचून दाखवली. बुवांनी ती दुसऱ्याचे कीर्तन ऐकावे तशी मान डोलवत ऐकली. मग त्यांनी विचारले, "ही निळी घरी कुठे ठेवणार?"

"बैठकीच्या खोलीत. खाली ठेवली तर पोरं गिअरशी खेळतात. रेवतीला सांगितलंय, कपाट सरकवायचं म्हणून."

"आणि वरचा दगडांचा रस्ता?"

"तिथं उतरून हाताने नेईन म्हणतो. दगड उडाला तर रंगाचा टवका जायचा, बुवा."

रशीदभाईंनी चहाच्या कपात तोंड लपवले. बुवा मात्र गंभीरच होते. ते काठी टेकत उठले आणि म्हणाले, "रशीदभाई, दोन्ही सायकली बाहेर काढा. त्या मुरुमावर उभ्या करा."

दुकानासमोर मोकळी जागा होती. तिथे दोन्ही सायकली साइड स्टँडवर शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पाडव्याचा बाजार होता, येणारेजाणारे थबकू लागले. बुवांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा कीर्तनातल्या आवाजात सांगितले, "नीट ऐका. या दोघींतली जी पडेल, ती मिलिंदने घेतली. ठरलेल्या किमतीला. कबूल?"

"कबूल," रशीदभाई म्हणाले. मिलिंदनेही मान हलवली. पडेल म्हणजे काय, हे दोघांनाही उमगले नव्हते.

बुवा निळीजवळ गेले. त्यांनी काठीचे टोक तिच्या फ्रेमला लावले आणि हळूच रेटले. निळी कलली. त्याच क्षणी मिलिंद दुकानाच्या पायरीवरून अनवाणीच धावला, नस्ती मुरुमात पडली, आणि त्याने ती सायकल दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बुवा, काय करताय हे?"

 बुवा दोन पावले सरकले, हिरवीला काठी लावली आणि रेटली. हिरवी धाडकन आडवी झाली. घंटी आपोआप वाजली. रस्त्यावरून जाणारी एक बाई मागे वळून पाहू लागली, आणि रशीदभाई कप हातात घेऊन पुढे आले.

"आता ती उचल," बुवा म्हणाले.

मिलिंदने निळी रशीदभाईंच्या हाती सोपवली आणि हिरवी उचलली. फ्रेमवर बोटभर लांबीचा ओरखडा उठला होता, आणि हँडल किंचित तिरके झाले होते. त्याने पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरले आणि हँडल पिळून सरळ केले. हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. शाळेत असताना प्रत्येकाने ते हजारदा केलेले असते, आणि हात विसरत नाहीत. सीटवरची माती त्याने तळव्याने झटकली. मग बिघडली तर नाही ना हे पाहावे म्हणून तो सहजच टांग टाकून बसला आणि मोकळ्या जागेला एक फेरी मारली. एक झाली तशी दुसरी मारली. तिसऱ्या फेरीला त्याने गिअर बदलून पाहिला, बाजूच्या चढावर वीसेक हात गेला आणि धापा टाकत, हसत परत आला.

"चालतीय की," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. हे असे हसू रेवतीने दोन महिन्यांत पाहिले नव्हते, आणि दुकानात तर आजवर कोणीच पाहिले नव्हते.

"हीच घेतलीस तू," बुवा म्हणाले. "कबूल केलंयस."

मिलिंद भानावर आला. "बुवा, पण मला ती निळी हवी होती. तुम्हाला ठाऊक होतं."

"मलाही ठाऊक होतं आणि तुलाही ठाऊक होतं की जी पडेल ती तुझी. मी निळीला काठी लावली. तू नुसता उभा राहिला असतास तर ती तुझी झाली असती. तूच धावत येऊन तिला वाचवलंस."

 बुवा पुन्हा स्टुलावर टेकले आणि मिलिंदलाही समोर बसवून घेतले.

"अरे, डोंगरात जायचं म्हणजे सायकल पडणारच. वळणावर पडेल, दगडावर घसरेल, देवळाच्या पायरीशी उभी केली तर शेळी पाडून जाईल. निळी तुझ्याकडे असती तर तुझा अर्धा जीव तिच्या रंगात अडकला असता. चढावर तू तिला हाताने नेलं असतंस आणि उतारावर रडत आणलं असतंस. व्यायाम तिला झाला असता, तुला नाही. किंमत देता आली म्हणून वस्तू परवडली असं होत नाही. जी पडली तरी तुझा जीव जागेवर राहतो, आणि तू तिला उचलून परत बसतोस, ती तुला परवडली. ही बघ, आत्ता पडली आणि आत्ता तीन फेऱ्या मारून आलास. दीड महिन्यात तुझ्या नस्तीने एवढं केलं नव्हतं."

रशीदभाईंनी मान डोलावली. "बुवा खरं बोलाय लागलेत. भारीतल्या सायकली मी विकल्यावर वर्षानं बघतो. नव्या टायरावरची रबराची केसंबी झिजलेली नसत्यात. ही हिरवी बघा, कुठंबी दुरुस्त होती, कुठल्याबी गावात हिचं सामान मिळतंय."

आता इथेच ही गोष्ट संपली असती, तर ती रशीदभाईंच्या दुकानाची जाहिरात ठरली असती. पण बुवांचे बोलणे संपलेले नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला.

"आणि मिलिंद, त्या ओळीचंही तू हेच केलंयस. सहा वर्षं ती तू कपाट सरकवून बैठकीत ठेवलीयस. चुकू नये, तुटू नये, लोकांत फजिती होऊ नये. ती ओळ जवळ आली की तू आधीच श्वास आवळून धरतोस. मी बघतो ना. मग मुठीत धरलेला श्वास ओळीला पुरायचा कसा? उद्यापासून रोज वर ये आणि ती ओळ माझ्यासमोर पाड. रोज पाड. मी मोजणार नाही."

मिलिंदच्या डोळ्यांत पाणी आले. त्याला एकाच वेळी लाजही वाटली आणि मोकळेही वाटले. त्याने खाली वाकून नस्ती उचलली, मुरूम झटकला आणि ती रशीदभाईंना देऊन टाकली. रशीदभाईंनी तिच्या कोऱ्या कागदांवर पुढे महिनाभर पंक्चरांचे हिशेब लिहिले म्हणतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मिलिंद निघाला. पहिल्या दिवशी तो पाऊण रस्ता चालतच वर आला; सायकल बरोबर होती, एवढेच. देवळाशी आल्यावर त्याने ओळ घेतली आणि ती दुसऱ्याच शब्दाला तुटली. "पडली," बुवा म्हणाले, "उद्या ये." चौथ्या दिवशी वळणावर मुरूम घसरला, तो आणि सायकल दोघेही आडवे झाले, आणि गुडघा खरचटला. तिथे शेळ्या चारणाऱ्या म्हातारीने विचारले, "लागलं का, दादा?" तो म्हणाला, "लागलं, पण ओळ म्हणायचीय वर जाऊन." म्हातारीला काही कळले नाही, पण ती त्या दिवसापासून त्याची वाट पाहू लागली.

तिसऱ्या आठवड्यात त्याला शेवटच्या चढाला तेवढे सायकलवरून उतरावे लागे. थंडी वाढली होती. खाली गावात धुके असायचे आणि वर ऊन. चढावर तो आख्यानातले तुकडे मोठ्याने म्हणायचा, आणि कोणत्या गिअरवर कोणता तुकडा बसतो हेही त्याला पाठ झाले होते. कचेरीत तो न थांबता जिने चढून येऊ लागला. पट्ट्याला नवे भोक पाडावे लागले. रेवती म्हणायची, "दमून येता आणि वर गाता काय?" पण ती ते हसत म्हणायची. ओळ मात्र अजून तुटत होती, फक्त दरवेळी थोडी पुढे जाऊन.

दत्तजयंतीच्या आठ दिवस आधी पंच आले आणि रांगेने सतरंजीवर बसले. मिलिंद उभा राहिला. पूर्वरंग झाला, आख्यान चढत गेले, ओळ आली, आणि शेवटच्या दोन शब्दांपाशी श्वास संपला.  बुवा खाली मान घालून बसले होते. या वेळी मिलिंदने खांब धरला नाही. तो पेटीवाल्याकडे पाहून हसला, "परत घ्या दादा" म्हणाला, पोटभर श्वास घेतला आणि पहिल्यापासून ओळ म्हटली. ती पूर्ण झाली आणि मागे थोडी हवाही उरली. तो थांबलाच नाही, तसाच पुढे निघाला.

पंच एकमेकांशी कुजबुजले. मागच्या वेळी बोललेलेच गृहस्थ या वेळीही बोलले. "बुवा, जन्माच्या वेळी मात्र परत घेता येत नाही. सूर्य थांबत नाही."

"ते खरं आहे," बुवा म्हणाले.

"पण उभा राहू दे त्याला. ऐकावंसं वाटलं."

दत्तजयंतीला टेकडी माणसांनी भरून गेली. रशीदभाई सगळ्या घरच्यांना घेऊन आले होते. शेळ्यांची म्हातारी पायरीवर बसली होती. रेवती पहिल्या रांगेत होती आणि तिने फुलांची पुडी इतकी घट्ट धरली होती की पाकळ्या आतल्या आत ओल्या झाल्या. मिलिंद फेटा बांधून, उपरणे कमरेला खोचून उभा राहिला. त्याच्या बोलण्यावर लोक हसले, एकदा डोळेही पुसले गेले, पोरे खेळायची थांबली. पश्चिमेला सूर्य डोंगराच्या कडेला टेकला. बुवांनी डोळे मिटून घेतले. आता ओळ येणार हे देवळात फक्त त्यांना, पेटीवाल्याला आणि पंचांना माहीत होते.

आणि मग चारी बाजूंनी फुले पडली. घंटा वाजू लागल्या, पाळण्याची दोरी हलली, बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मिलिंदच्या फेट्यावर, खांद्यावर, उघड्या तळहातांवर झेंडूच्या पाकळ्या होत्या. तो थोडा गोंधळून इकडेतिकडे पाहत होता. पाळणा संपला, आरती झाली, लोक सुंठवडा घ्यायला पुढे सरकले, तसा तो गर्दीतून वाट काढत बुवांपाशी आला आणि पायाशी बसला.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "मी ती ओळ म्हटली का?"

बुवांनी त्याच्याकडे पाहिले. मग ते इतके हसले, इतके हसले की शेवटी त्यांना उपरण्याने डोळे पुसावे लागले.

"सगळ्या टेकडीने ऐकली," ते म्हणाले. "आज फक्त तू ती जपून ठेवायची विसरलास."